नानांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, भुलीच्या अभ्यासासाठी सही करायची का? आणि कोणत्या गोळ्या बंद ठेवायच्या?

निफाडची_लेक

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, वाचून सल्ला द्या प्लीज. माझे वडील, आम्ही नाना म्हणतो, वय ६४, निफाड तालुक्यात आमची द्राक्षाची बाग आहे आणि अजूनही सगळं स्वतःच बघतात. उजव्या बाजूला हर्निया आहे, बरेच दिवस अंगावर काढला, आता जड उचललं की फुगा येतो आणि दुखतं म्हणून शेवटी नाशिकला दाखवलं. एका मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये पुढच्या गुरुवारी ऑपरेशन ठरलंय. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करणार म्हणाले.

आता मुद्दा असा की भुलीच्या तपासणीला गेलो तेव्हा एक तरुण डॉक्टर आले आणि म्हणाले की माझा थिसिस चालू आहे, कमरेतल्या इंजेक्शनमध्ये नेहमीच्या औषधासोबत दुसरं एक औषध थोडं मिसळलं की भूल जास्त वेळ टिकते आणि नंतर दुखणं कमी राहतं, तर अशी दोन औषधं आम्ही तुलना करून बघतोय, काकांना यात घ्यायचं का. फॉर्म दिलाय, मराठीत आहे, चार पानी. नाना म्हणतात डॉक्टर सांगतायत तर सही करून टाक. आई म्हणते माझ्या माणसावर प्रयोग नको. मी मधल्या मधे अडकलेय.

दुसरं म्हणजे गोळ्या. नानांना टेल्मिसार्टन ४० आणि मेटोप्रोलॉल चालू आहे बीपीसाठी, शुगरची एकच गोळी सकाळी, इकोस्प्रिन ७५ रात्री, आणि झोप येत नाही म्हणून अर्धी अल्प्राझोलम कधीमधी. शिवाय एका वैद्यांकडचं अश्वगंधाचं चूर्ण दुधातून घेतात. पण तिथे विचारलं तेव्हा नानांनी "बीपी आणि शुगर" एवढंच सांगितलं, चूर्ण आणि झोपेची गोळी काढलीच नाही, वर मला डोळ्याने गप्प बस म्हणून खुणावलं. हे सगळं सांगणं खरंच एवढं गरजेचं असतं का? आणि काय बंद करायचं काय चालू ठेवायचं?

ओटीसिस्टर_नाशिकरोड

ताई, पहिलं उत्तर देते, हो, सगळं सांगणं गरजेचं असतं, आणि आजच सांगा. माझी सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये गेली, आता रिटायर आहे. आपल्याकडच्या पेशंटला वाटतं की जास्त गोळ्या सांगितल्या तर डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलतील नाहीतर ओरडतील, म्हणून लपवतात. बायका मिश्री लपवतात, पुरुष दारू लपवतात आणि वैद्याचं औषध तर कुणी औषध समजतच नाही. रोज झोपेची गोळी घेणाऱ्याने अचानक बंद केली तर ऑपरेशननंतर माणूस घाबराघुबरा होतो, बडबडतो, सलाईन उपटतो, आणि कुणाला कळत नाही काय झालंय. नाना कधीमधी घेतात म्हणता, तरी किती वेळा ते नीट विचारा, "कधीमधी" म्हणणारे बरेच जण रोज घेत असतात.

तोंडी यादी सांगू नका. घरातल्या सगळ्या स्ट्रिप, बाटल्या, चूर्णाची डबी, सगळं एका पिशवीत भरा आणि ती पिशवी भुलीच्या डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा. स्ट्रिपचं मागचं चकचकीत कव्हर फाडून टाकलेलं असेल तर नवीन स्ट्रिप घेऊन जा, कारण आत काय आहे ते बारीक अक्षरात तिथेच लिहिलेलं असतं. तुम्ही "शुगरची एकच गोळी" लिहिलंय ना, ती एकच गोळी दोन-तीन औषधांची मिळून असू शकते, ते आधी बघा आणि इथे टाका.

निफाडची_लेक

सिस्टर धन्यवाद. आत्ता स्ट्रिप बघितली, खरंच त्यात दोन नावं आहेत, डॅपाग्लिफ्लोझिन १० आणि मेटफॉर्मिन ५००. हे काही वेगळं असतं का?

भूलतज्ज्ञ_कॉलेजरोड

वेगळं असतं, आणि बरं झालं विचारलंत. मी नाशिकमध्येच भूल देतो. आधी सांगतो की मी नानांना तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या हॉस्पिटलच्या भूलतज्ज्ञांचा, पण विचारायचं काय ते तुम्हाला कळावं म्हणून लिहितोय.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे जी "फ्लोझिन" मंडळी आहेत ती लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. उपाशीपोटी आणि ऑपरेशनच्या ताणात हे औषध अंगात असलं तर शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन वाढतात, रक्त आम्लधर्मी होतं, आणि घात असा की शुगर मात्र बऱ्यापैकी नॉर्मल दिसते. ग्लुकोमीटर १८० दाखवतोय म्हणून सगळे निवांत आणि पेशंट मात्र धापा टाकतोय, उलट्या करतोय. म्हणून अमेरिकेतल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, एफडीएने, २०२० मध्ये लेबलच बदललं, ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी डॅपा, एम्पा, कॅना बंद, आणि अर्टुग्लिफ्लोझिन चार दिवस आधी. गुरुवारचं ऑपरेशन असेल तर रविवारची गोळी शेवटची धरा. पण तुमच्या गोळीत मेटफॉर्मिन पण आहे, ती बंद केली की तेही बंद होणार, त्यामुळे मधल्या दिवसांत काय घ्यायचं ते फिजिशियनकडून लिहून घ्या, मनाने नुसती बंद करून बसू नका.

मेटोप्रोलॉल चालू ठेवायची, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पण, घोटभर पाण्यासोबत. या बाबतीत लोकांचा फार गोंधळ असतो. २००८ साली पॉइझ नावाचा मोठा अभ्यास आला, ८३५१ पेशंट, त्यात ज्यांना आधी ही गोळी नव्हती त्यांना ऑपरेशनच्या तोंडावर मेटोप्रोलॉल नव्याने सुरू केली. हार्ट अटॅक कमी झाले, पण पक्षाघात वाढले आणि मृत्यू पण वाढले. म्हणजे ऐनवेळी नवीन सुरू करणं वाईट. पण जो माणूस वर्षानुवर्षं घेतोय त्याची अचानक तोडणं हेही वाईट, ठोके एकदम उसळतात. एकच गोळी, दोन वेगळे निकाल.

टेल्मिसार्टनबद्दल आमच्यातच दोन मतं होती. ती चालू असली की भूल दिल्यावर बीपी जास्त पडतं, म्हणून बरेच जण आदल्या दिवशीपासून थांबवतात. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या ४० हॉस्पिटलांचा अभ्यास आला, २२२२ पेशंट, अर्ध्यांची या जातीची गोळी ४८ तास आधी बंद, अर्ध्यांची चालू. मृत्यू आणि मोठी गुंतागुंत दोन्हीकडे २२ टक्केच. फरक एवढाच की चालू ठेवलेल्यांत ऑपरेशनच्या वेळी बीपी पडणं ५४ टक्के आणि बंद केलेल्यांत ४१. तो अभ्यास हृदय सोडून बाकीच्या मोठ्या ऑपरेशनांचा होता. मी स्वतः कमरेतली भूल देणार असेन तर त्या दिवशी सकाळची देत नाही, कारण त्या भुलीने बीपी असंही उतरतं. दुसरा कुणी चालू ठेवा म्हणाला तर तो चूक नाही.

इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, रक्ताच्या गाठी होऊ न देणारी गोळी, ती का चालू आहे? स्टेंट बसवलाय का? की कुणीतरी सुरू केली आणि चालूच राहिली? स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. नुसत्या ॲस्पिरिनवर कमरेतली भूल देता येते. पण बाजारात ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गाठी रोखणारं दुसरं औषध) एकत्र असलेल्या कॅप्सूल भरपूर आहेत, त्या असतील तर मामला वेगळा, क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी थांबवावी लागते, नाहीतर मणक्याच्या पोकळीत रक्त साचायची भीती. तेव्हा सिस्टरांनी म्हटलं तसं स्ट्रिपच्या मागचं वाचा.

आणि आता एक प्रश्न मी विचारतो. नाना बागेत फवारणी स्वतः करतात का?

निफाडची_लेक

स्टेंट वगैरे नाही डॉक्टर, नुसती ॲस्पिरिनच आहे, चार वर्षांपूर्वी गावातल्या डॉक्टरांनी सुरू केली होती. फवारणी हो, ऑक्टोबर छाटणी झाली आणि आता रोजचंच चालू आहे, ट्रॅक्टरवर ब्लोअर आहे पण बांधाकडच्या ओळींना पाठीवरच्या पंपानेच मारतात, तोंडाला रुमाल बांधतात बस. याचा भुलीशी काय संबंध?

भूलतज्ज्ञ_कॉलेजरोड

संबंध आहे आणि निफाड, दिंडोरीच्या प्रत्येक पेशंटला मी हे विचारतो. पूर्ण भूल देताना घशात नळी घालायच्या आधी स्नायू सैल करायला सक्सामेथोनियम नावाचं औषध कधीकधी देतात, आम्ही स्कोलिन म्हणतो. याची खासियत म्हणजे एका मिनिटात काम करतं आणि पाच-दहा मिनिटांत उतरतं, कारण रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम त्याचे तुकडे करतं. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं, उदा. क्लोरपायरीफॉस, नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतात. विष पिऊन आलेल्याचंच नाही, जो माणूस आठवडेच्या आठवडे हातमोजे न घालता मारतोय, अंगावर उडवून घेतोय, त्याचंही एन्झाइम खाली गेलेलं असू शकतं आणि त्याला काही त्रास जाणवतही नसतो. अशा माणसाला स्कोलिन दिलं तर ते दहा मिनिटांत उतरत नाही, पेशंट आत जागा होतोय पण हातपाय हलवता येत नाहीत, श्वास घेता येत नाही, तोपर्यंत व्हेंटिलेटरवर ठेवावा लागतो. जीव वाचतो, पण आधी माहीत असेल तर ही वेळच येत नाही.

नानांना कमरेतली भूल आहे, त्यात स्कोलिन लागत नाही. पण कमरेतली भूल कधी नीट चढत नाही, कधी मधेच पूर्ण भूल द्यावी लागते, आणि तेव्हा घाईत कुणी विचारत बसत नाही. म्हणून केसपेपरवर आधीच लिहून घ्या, "शेतकरी, सध्या फवारणी चालू". सिरम कोलिनेस्टरेज ही साधी रक्ताची टेस्ट आहे, विषबाधेच्या केसेससाठी नेहमी होते. एन्झाइम कमी निघालं तर आमच्याकडे दुसरी औषधं आहेत, रोक्युरोनियम आहे, ॲट्राक्युरियम आहे, ती या एन्झाइमवर अवलंबून नाहीत. आणि शक्य असेल तर ऑपरेशनपर्यंत नानांनी पंपाला हात लावायचा नाही, गड्याला सांगा, पण त्यालाही हातमोजे आणि मास्क द्या.

काही घराण्यांत हे एन्झाइम जन्मतःच कमी असतं. आपल्या देशात आर्य वैश्य समाजात असे बरेच जण सापडलेत आणि त्यावर दक्षिणेत चांगलं संशोधन झालंय, २००६ मध्ये त्या समाजातला नेमका जनुकीय बदलही छापून आला. म्हणून घरात कुणाला भुलीनंतर उशिरा शुद्ध आली, श्वासाला वेळ लागला, असं काही घडलं असेल तर ते आवर्जून सांगा.

सातपूरकर

सगळे गोळ्यांवरच बोलतायत, सहीचं कुणी बोलत नाहीये. माझं स्पष्ट मत, सही करू नका. संशोधन म्हणजे पवित्र काम वगैरे काही नसतं. जपानमध्ये फुजी नावाचा भूलतज्ज्ञ होता, उलटीच्या औषधांवर वर्षानुवर्षं पेपर छापत राहिला, २०१२ मध्ये त्यांच्याच संघटनेने चौकशी केली तर त्याचे १७२ पेपर बनावट निघाले. आणि त्या आकड्यांवर विश्वास ठेवून जगभर डॉक्टरांनी पेशंटला औषधं दिली असणार. मग पोरांच्या थिसिसवर काय भरवसा ठेवायचा? डिग्रीसाठी लागतो म्हणून करतात. नानांना यातून काय मिळणार आहे?

पीजी_म्हसरूळ

दादा, तुमचा राग समजतो पण मी स्वतः ॲनेस्थेशियाचा पीजी, म्हणजे भूलशास्त्रात एमडी करणारा विद्यार्थी आहे म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. फुजीचं खरं आहे. पण तो पकडला कसा गेला तेही बघा. इंग्लंडच्या जॉन कार्लाइल नावाच्या भूलतज्ज्ञानेच त्याच्या १६८ अभ्यासांतले आकडे तपासले आणि दाखवून दिलं की दोन्ही गटांतल्या पेशंटची वयं, वजनं, उंच्या इतक्या सारख्या निघणं नशिबाने शक्यच नाही. खऱ्या पेशंटचे आकडे कधीच इतके गुळगुळीत नसतात. मी रात्री दोनला वॉर्डात जाऊन काकूंना "आता किती दुखतंय, शून्य ते दहा मधे सांगा" असं विचारतो, आणि त्या झोपेत "जा रे बाबा" म्हणतात, तर त्या रकान्यात मला "उत्तर नाही" असंच लिहावं लागतं. खरा डेटा असाच असतो.

डिग्रीसाठी लागतो हे बरोबर. आमचं आरोग्य विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे, थिसिसशिवाय एमडी नाही. पण सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, एथिक्स कमिटीतून पास झाल्याशिवाय एकही पेशंट घेता येत नाही, कमिटीत डॉक्टर सोडून बाहेरची माणसं पण असतात, वकील असतात. आणि पेशंटवरच्या अभ्यासांची सीटीआरआय म्हणून सरकारी नोंदणी आहे, २००७ पासून, तिथे १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते, नंतर केलेली चालत नाही. याचा फायदा असा की आधी एक मोजणार म्हणून सांगायचं आणि मग निकाल बघून दुसरंच मोजलं म्हणायचं, ही पळवाट बंद होते. ती वेबसाइट कुणालाही उघडता येते.

ताई, तुमच्या नानांना जे सांगितलंय ते बहुतेक डेक्समेडेटोमिडीन आणि क्लोनिडीन किंवा फेंटानिल यांची तुलना असावी. हा प्रकार आजचा नाही, २००६ मध्ये बैरुतच्या डॉक्टरांनी ६० पेशंटवर ३ मायक्रोग्रॅम डेक्स आणि ३० मायक्रोग्रॅम क्लोनिडीन असं बुपिव्हॅकेनमध्ये, म्हणजे कमरेतल्या भुलीच्या नेहमीच्या औषधात, मिसळून बघितलं होतं, दोन्हींनी भूल लांबली. तेव्हापासून भारतात यावर भरपूर काम झालंय. पण मणक्यात द्यायला डेक्सच्या लेबलवर परवानगी नाही, हे पण खरं, ते मुळात आयसीयूतल्या गुंगीसाठी आलेलं औषध. हे फॉर्मात लिहिलेलं असायला हवं, नसेल तर विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डेक्सने हृदयाचे ठोके मंदावतात. नानांना मेटोप्रोलॉल चालू आहे, त्यानेही मंदावतात. दोन्ही एकत्र आले तर ठोके फारच खाली जायची शक्यता. म्हणून अशा अभ्यासांत बीटा ब्लॉकरवाले, म्हणजे मेटोप्रोलॉलच्या गटातली गोळी घेणारे पेशंट सहसा घेतच नाहीत, माझ्या थिसिसमध्ये पण घेत नाही. त्या डॉक्टरला नानांनी नुसतं "बीपीची गोळी" सांगितलं असेल तर त्याला कळणारच नाही कुठली. नाव सांगा, बहुतेक तोच म्हणेल काकांना यात नको घ्यायला. लपवलेल्या गोळीने पेशंटलाही धोका आणि अभ्यासाचा आकडाही खोटा, तो आकडा मग कुठेतरी छापून येतो आणि पुढच्या पेशंटला त्यावरून डोस ठरतो.

सातपूरकर

ठीक आहे, हे पटलं. पण पेशंटला नाही म्हणायची मुभा असते हे कुणी तोंडाने सांगत नाही. तेवढं तरी मान्य करा.

पीजी_म्हसरूळ

मान्य. सांगायलाच पाहिजे, आणि आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नियमावलीत तसंच आहे. नाही म्हटलं तरी उपचार तेच मिळणार, सही केल्यावर मधेच बाहेर पडलात तरी तेच. अभ्यासाचं औषध किंवा जादा तपासणी याचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नाहीत. माहितीपत्रकाची एक प्रत घरी न्यायची, त्यावर एथिक्स कमिटीचा संपर्क असतो. ताई, चार पानांत हे सगळं शोधा, आणि नानांना स्वतःला वाचून दाखवा, सही त्यांची आहे.

पंचवटी_वहिनी

मी डॉक्टर नाही पण माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्हाला एकच भीती होती की भुलीने डोक्यावर परिणाम होतो, विसरायला लागतात. म्हणून पूर्ण भूल नको कमरेतलीच द्या असा आम्ही हट्ट धरला होता. डॉक्टर, खरंच कमरेतली भूल मेंदूला बरी असते का? ताईंच्या आईलाही हेच वाटत असेल.

भूलतज्ज्ञ_कॉलेजरोड

वहिनी, हे आम्हालाही बरीच वर्षं वाटत होतं. २०२१ मध्ये अमेरिका-कॅनडाचा रीगेन अभ्यास आला, खुब्याचं हाड मोडलेले १६०० पेशंट, चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून अर्ध्यांना कमरेतली आणि अर्ध्यांना पूर्ण भूल. ऑपरेशननंतर भ्रम होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास तेवढंच, २० टक्क्यांच्या आसपास, आणि ६० दिवसांनी मृत्यू किंवा चालता न येणं हेही सारखंच. म्हणजे नुसत्या भुलीच्या प्रकारावर खापर फोडता येत नाही. वय, आधीचा विसराळूपणा, जंतुसंसर्ग, दुखणं, झोपमोड, आणि हो, झोपेच्या गोळ्या, यांचा वाटा मोठा असतो. म्हाताऱ्या माणसाचा चष्मा आणि कानाचं मशीन ऑपरेशननंतर लगेच परत द्या, घरचं माणूस जवळ बसू द्या, याने फरक पडतो.

अश्वगंधाचं राहिलं. त्याने गुंगी वाढू शकते, आणि डबीत अजून काय मिसळलंय ते आपल्याला दिसत नाही. अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटना जडीबुटीची औषधं दोन आठवडे आधी थांबवा म्हणते. आता तेवढे दिवस नाहीत, तर आजपासून बंद करा आणि कधी बंद केलं ते सांगा. वैद्यांवर राग नाही माझा, फक्त मला माहीत पाहिजे.

निफाडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पिशवी घेऊन गेलो होतो, नानांना सोबत घेऊनच. आधी कुरकुर करत होते, पण भुलीच्या मॅडमनी एकेक स्ट्रिप उचलून नाव लिहून घेतलं, डबीचा वास पण घेतला, आणि अजिबात रागावल्या नाहीत, मग नानांनी स्वतःच सांगितलं की झोपेची गोळी जवळजवळ रोज लागते. थिसिसवाले डॉक्टर पण तिथेच होते, मेटोप्रोलॉल वाचल्याबरोबर म्हणाले काका तुम्हाला मी घेऊ शकत नाही, आणि फॉर्मवर तसं लिहून सही केली. आईचा जीव भांड्यात पडला. नाना मात्र नाराज, म्हणाले पोराचं काम अडेल का माझ्यामुळे.

फवारणीचं सांगितलं तर मॅडमनी लगेच कोलिनेस्टरेजला रक्त पाठवलं, थोडं कमी आलंय, केसपेपरवर लाल पेनने लिहिलं. फ्लोझिनची गोळी रविवारनंतर बंद, मधल्या दिवसांसाठी फिजिशियनने वेगळं लिहून दिलंय. अल्प्राझोलम एकदम तोडायची नाही म्हणाल्या. एकच विचारायचं राहिलं, ऑपरेशन झाल्यावर ती शुगरची गोळी लगेच सुरू करायची का?

भूलतज्ज्ञ_कॉलेजरोड

लगेच नाही. नाना नेहमीसारखं दोन वेळचं जेवायला लागले, पाणी नीट पितायत, उलट्या नाहीत, मगच, आणि तेही डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांना विचारून. घरी आल्यावर मळमळ, पोटात दुखणं किंवा दम लागणं असं काही वाटलं तर शुगर नॉर्मल दिसली तरी हॉस्पिटलला जा आणि कीटोन तपासायला सांगा. उपाशी राहायचं कधीपासून ते लिहून दिलंय ना? जेवण किंवा दुधाचा चहा सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, तुमच्या मॅडम वेगळं म्हणाल्या असतील तर त्यांचं ऐका.

ओटीसिस्टर_नाशिकरोड

आणि ताई, पिशवी गुरुवारी पण सोबत असू द्या. तपासणी करणाऱ्या मॅडम आणि त्या दिवशी भूल देणारे डॉक्टर वेगळे असू शकतात.